सगळ्यांच्या मणक्यातली गॅप

रहाटणी, मंगळवार, संध्याकाळ

एक्स-रे बघायच्या पेटीतली ट्यूब आठवडाभर लुकलुकतेय. एवढा अन्याय सोसणारा, हाताने मणके बसवणारा कायरोप्रॅक्टर उभ्या पिंपरी-चिंचवडमध्ये दुसरा नसेल. आज निघोज्याच्या कौसाबाईंची फिल्म मी खिडकीशी धरली आणि नेहमीचं बोललो, "मणक्यात गॅप आहे." गॅप म्हटलं की पेशंट खूश होतो, म्हणून प्रसादासारखी सगळ्यांना वाटत सुटतो.

"नीट बगितलं ना, डाक्टर?"

"एका नजरेत कळतं, मावशी. उद्या या, कटकन बसवतो."

नीट बघितलं? आत्ता बघितलं. कमरेचा एक मणका खालच्यावरून चांगला पुढे घसरलाय. उद्या कटकन जोर दिला असता आणि पायाची नस दुखावली असती तर... ट्यूबचा काय दोष?

फोन केला. "मावशी, चुकलो. मी नीट बघितलं नव्हतं. मणका सरकलाय. मी हात लावणार नाही, हाडांच्या डॉक्टरांना दाखवू."

"म्हंजी गॅप न्हाई? आन् मी साऱ्या आळीला सांगून बसले की!" हसल्या. मग हळूच म्हणाल्या, "सांगितलंत, बरं केलंत."

ओरडल्या असत्या त्यापेक्षा हे जास्त लागलं.

सकाळी त्यांच्यासोबत मीच जातोय. बाकीच्या पेशंटना दुपारी बोलावलंय. त्यांच्याही फिल्म कपाटातून काढून ठेवल्यात, पुन्हा बघायला.