ताडोबाची तीन कोटेशनं

३ फेब्रुवारी, मंगळवार
चंद्रपूरहून धाकट्या बहिणीचं, मालनचं पत्र. माझे गुडघे कसे आहेत? बायको शालूची साखर? सूनबाई अक्षदाची कंबर? शेवटी गॅलरीतला कढीपत्तासुद्धा विचारलाय. इतकी विचारपूस म्हणजे पाणी मुरतंय.
मुरतच होतं. १२ मार्चला चंद्रपूरचं घर बंद करून ती मुलाकडे, संदेशकडे, कोइमतूरला निघाली. कायमची. त्याआधी ये, ताडोबाला जाऊ, म्हणते. "दादा, वाघ दाखवतो म्हणून माझ्या वाटणीचे फणसाचे गरे खाल्लेलेस. साठ वर्षं झाली. लवकर उत्तर पाठव."
संकल्प: जायचंच. पण शहाडच्या कंपनीत एकतीस वर्षं स्टोअर सांभाळलं, तीन कोटेशनं हातात आल्याशिवाय खिळा घेतला नाही. प्रवास नक्की झाला की मगच उत्तर.

६ फेब्रुवारी, सकाळ
कोटेशन पहिलं: रेल्वे. कल्याणहून संध्याकाळी बसायचं, सकाळी वर्ध्याला उतरून पुढे चंद्रपूर. फॉर्म भरून खिडकीवर गेलो. २५ तारखेचे खालचे दोन बर्थ आहेत, देऊ का, असं क्लार्क आपणहून म्हणाला. वर हसला. खालचा बर्थ कोणी हसत देतं का? फॉर्म परत आणून ड्रॉवरमध्ये ठेवला.

१० फेब्रुवारी
कोटेशन दुसरं: स्लीपर बस. एजंट म्हणाला, आमचा ड्रायव्हर सुपारीसुद्धा खात नाही. मी विचारलं होतं? बाद.

१४ फेब्रुवारी
कोटेशन तिसरं: नागपूरपर्यंत विमान. अक्षदाने मोबाइलवर भाडं दाखवलं. सकाळी पाहिलं तर वाढलेलं. आपल्याला जायचंय हे त्या मोबाइलला कळलंय. त्याला चकवायला दोन दिवस नागपूरचं नाव काढायचं नाही, गोव्याचं विमान बघायचं.

१६ फेब्रुवारी
नागपूर अजून वाढलं. गोवाही वाढलं. दोघं आतून एकच.

१९ फेब्रुवारी
डोंबिवलीचा उत्तम, आमच्याच स्टोअरचा. म्हणाला, माझ्या गाडीने जाऊ, मलाही सोबत होईल. याला आत्ताच सोबत का हवी? खाली जाऊन गाडी पाहिली. चार टायर, तीन कंपन्यांचे. त्याने कोटेशनं मागवली आणि तिघांकडूनही माल घेतला.
आता एकूण चार झाली. नियमात तीनच बसतात. एक रद्द कुठलं करायचं, यात दिवस गेला.
मालनचा दोनदा फोन. उचलला नाही, अर्धवट माहिती काय द्यायची? शालू म्हणाली, "अहो, वन्सं वाट बघतायत. नुसतं येतो म्हणून दोन ओळी लिहा." म्हटलं, माल आत आल्याशिवाय पावती फाडत नाहीत. तिने उठून कॅलेंडर पाहिलं. तेही संशयास्पद.

२३ फेब्रुवारी
सर्व बाजूंनी विचार करून रेल्वे मंजूर. खिडकीवर गेलो. वेटिंग. क्लार्क तोच, पण हसला नाही. म्हणजे त्या दिवशीचं हसणं फसवंच होतं. घेतलं असतं तर अडकलो असतो.

२५ फेब्रुवारी
शालू टिटवाळ्याला बहिणीकडे चार दिवस गेली. टिटवाळ्याला जायला मेथीचे लाडू, स्वेटर आणि डोक्याला बांधायचा स्कार्फ? दारात थांबून विचारलं, "तुम्हीही चला ना. अजून वेळ आहे." टिटवाळ्याला मी कशाला? मागच्या महिन्यात माझी पंचाहत्तरी साजरी करायची राहिली. त्याचंच काहीतरी गुपचूप चाललंय. मला कळलंय हे तिला कळू द्यायचं नाही.

२७ फेब्रुवारी
मोबाइलवर फोटो. उघडी जिप्सी, मालन, डोक्याला स्कार्फ बांधलेली शालू, मागे रस्त्यावर वाघ. हल्ली असले फोटो मोबाइलच बनवतो. भिंग घेऊन पाहिला. वाघाबद्दल शंका नाही. शालूबद्दल आहे.

२ मार्च
शालू परतली. चौकशी केली. सहा तारखेलाच, मी दुपारचा आडवा झालो असताना, ड्रॉवरमधला माझाच फॉर्म घेऊन तिने ते दोन्ही बर्थ काढले होते.
"मग सांगितलं का नाहीस?"
"सांगितलं असतं तर कोटेशनं किती घेतलीस म्हणाला असतात. वाटलं, आज ना उद्या आपणहून चल म्हणाल. तुमचा बर्थ निघायच्या दिवशी, दारातून खाली उतरल्यावर रद्द करायला लावला अक्षदाला."
जिप्सीत मालनने शेजारची जागा रिकामी ठेवलेली. शालूलासुद्धा बसू दिलं नाही. वाघ त्याच बाजूने गेला म्हणे.
जेवण कमी गेलं. वांगं कडू असावं.

१३ मार्च
काल चंद्रपूरच्या घराला कुलूप लागलं. आज सकाळी खिडकीवर गेलो. कोइमतूर, एप्रिल अखेर, दोन वरचे बर्थ. कोणालाही न विचारता घेतले. शालू म्हणाली, "तुमचे गुडघे, माझे गुडघे, दोघांनी वर चढायचं कसं?" हे मात्र विचारायला हवं होतं.
मग पत्र लिहिलं. इथेही उतरून ठेवतो, टपालावर भरवसा नाही.
"चि. मालन, तुझ्या ३ फेब्रुवारीला मिळालेल्या पत्राचं उत्तर. तू बरी आहेस ना? संदेश? त्याची बायको? नव्या घराचं पाणी बाधलं नाही ना? आमचं ठीक. कढीपत्ता जगलाय. वाघ तू पाहिलास, म्हणजे गऱ्यांचं मिटलं असं समजू नकोस. आम्ही येतोय. स्टेशनावर घ्यायला कोण येईल त्यांची तीन नावं कळव, त्यातलं एक ठरवू. उत्तर लवकर पाठव. माझ्यासारखं करू नकोस."