खंडेनवमीचा हार आणि साडेआठशे वॅट

रावेत, २१ सप्टेंबर २०२५

ती. गेनूमामांस,
शि. सा. न. वि. वि.

मेसेजला तुम्ही नुसता अंगठा पाठवता, म्हणून पत्र. लॉकडाऊनमध्ये आपण दोघांनी संपवलेल्या गेमचा दुसरा भाग तीन ऑक्टोबरला येतोय. पाच वर्षं वाट पाहिली! त्यासाठी नवा कॉम्प्युटर जोडतेय. ग्राफिक्स कार्ड एकटंच तीनशे वॅट खातं. साडेसहाशेचा पॉवर सप्लाय पुरेल का? तुमच्याशिवाय खेळ सुरू करणार नाही, आईच्या साक्षीनं लिहिते.

माया पातळ करू नये.
दिव्या

चाकण, २५ सप्टेंबर

चि. दिव्यास,
अ. उ. आ.

साडेआठशेचा घे. पूर्ण लोडवर यंत्र पळवू नये, माणूसही. कॉम्प्युटरचा डबा भिंतीपासून वीतभर लांब ठेव, गरम हवेला वाट हवी. तीस तारखेला माझी शेवटची शिफ्ट. एकतीस वर्षं खंडेनवमीला कंपनीच्या इलेक्ट्रिक पॅनेलला मी हार घातला. यंदा घालू कुणाला, या विचारानं जेवण जात नाही. तुझ्या यंत्राची पूजा मीच करीन.

मामावर जीव असू दे.
गेनू

रावेत, ६ ऑक्टोबर

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

आई म्हणाली कळवू नकोस, पण खरं कारण कळवते. शुक्रवारी गेम टाकताना कॉम्प्युटर दहा-दहा मिनिटांनी तीनदा बंद पडला. तुम्ही फोनवर सप्लायला दोष दिलात, म्हणून डबा चिंचवडच्या दुकानात नेला. दुकानदारानं उघडून पाहिलं, तर पुढचा पंखा खंडेनवमीला तुम्ही घातलेल्या हारातल्या झेंडूच्या पाकळ्यांनी गच्च. तो पंखा हवा आत ओढतो, मामा! पूजा कुणी केली, असं त्यानं फार आदरानं विचारलं. आता ठणठणीत आहे. वरचं कुंकू मी पुसलेलं नाही. इकडे नेटवर चाहते पेटलेत: नायक म्हातारा केला, जिना चढताना धापा टाकतो, आमची फसवणूक झाली. मी अजून काही पाहिलेलं नाही. रविवारी याच.

रागावला असाल तर जेवायला येऊन रागवा.
दिव्या

चाकण, १४ ऑक्टोबर

चि. दिव्यास,
अ. उ. आ.

आमच्या पॅनेलचे पंखे हवा बाहेर फेकतात, त्यामुळे एकतीस वर्षांत एक पाकळी आत गेली नाही. निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी हार घालून भाचीचं यंत्र बंद पाडलं, याची फार लाज वाटली. पुढल्या वर्षी हार टेबलाच्या पायाला.

चाहत्यांचं राहू दे. मला तो नायक यंदाच आपल्यातला वाटला. परवा रविवारी आपण खेळताना जिन्यात तो दम खायला थांबला, तेव्हा तू बटणावरचं बोट उचललंस आणि त्याचा श्वास खाली बसेपर्यंत थांबलीस. ते मी पाहिलं, पोरी. त्या दिवसापासून जेवण जातंय.

येत्या रविवारी पुढचा जिना. तोवर लोभ चालू ठेव.
गेनूमामा