होडीत कोण बसणार?

प्रिय वन्सं,

नमस्कार. (कॉन्व्हेंटात सिस्टरनी पत्र 'प्रिय'ने सुरू करायला शिकवलं. तुम्हाला तो शब्द फाजील वाटेल, पण 'तीर्थरूप' लिहिलं तर म्हणाल, एवढी काय मी म्हातारी झाले? तेव्हा चालवून घ्या.)

परवा कपडे वाळत घालताना तुमची आठवण झाली. माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. आपण दोघी गच्चीवर मोठी चादर पिळत होतो, एक टोक तुमच्याकडे, एक माझ्याकडे. मी तेव्हा रोज चार तास पोहायची, आणि आपल्या दंडांत किती जोर आहे हे माझ्या लक्षातच राहायचं नाही. एक पीळ जरा जास्त बसला आणि तुम्ही गर्रकन फिरून थेट बादलीत बसलात. दुसऱ्या कुठल्या नणंदेने महिनाभर घर डोक्यावर घेतलं असतं. तुम्ही बादलीतून उठलात, कपडे झटकलेत आणि म्हणालात, "आता उशांचे अभ्रे घे." बस्स. हसू नाही, राग नाही, काही नाही.

गुडघा कसा आहे? माझी तब्येत उत्तम आहे. हे मुद्दाम लिहिते, कारण आमच्या चिरंजीवांनी तुम्हाला फोन करून वेगळंच काही सांगितलं असणार, आणि 'आत्या, तूच आता आईला समजाव' असंही म्हटलं असणार. बातमी खरी आहे. मी या त्रेसष्टाव्या वर्षी ती अर्धवट राहिलेली सामुद्रधुनी पोहून जाणार आहे. हे पत्र परवानगी मागायला लिहिलेलं नाही. परवानगी मागण्याचं माझं वय गेलं, आणि ज्यांच्याकडे मागावी ती माणसंही. चिरंजीव मला डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी छाती, पाय, कान, जीभ सगळं पाहिलं आणि हृदय चाळिशीतल्या बाईचं आहे म्हणाले. ते ऐकून याचा चेहरा असा पडला, की डॉक्टरांनी त्याचंच ब्लडप्रेशर तपासलं. जास्त निघालं. आता घरात अळणी तो खातो आणि पोहायला मी जाते.

वन्सं, मी पोहायला कशी लागले हे तुम्ही कधी विचारलं नाहीत, म्हणून सांगते. शाळेच्या तलावात मुलींनी उतरायचं असेल तर सिस्टरनी शिवून घेतलेला झगा घालावा लागे. कोपरापर्यंत बाह्या, गुडघ्याखाली झालर. भिजला की तो माझ्याएवढाच जड व्हायचा. एकीकडे आपण पोहायचं आणि एकीकडे त्याला बुडू द्यायचं नाही, असा तो व्यायाम. (सिस्टर काठावरून छत्री घेऊन चालायच्या. त्या छत्रीची सावली पाण्यावर पडायची, तिच्यातून मी मुद्दाम पोहायची. अजून उन्हात पोहताना ती सावली शोधते.) झगा सुटला आणि पुढे समुद्रसुद्धा हलका वाटला. सलग नऊ वर्षं लांब पल्ल्याची विजेती होते मी. पहिला कप घरी आणला तेव्हा बैठकीत पाय ठेवायला जागा नव्हती, दोन वार्ताहर, एक फोटोग्राफर, सगळी गल्ली. तुम्ही स्वयंपाकघरातून बाहेर आलात आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "दूध उतू गेलंय. विजेत्या बाई, गॅस बंद करायचा असतो." फोटोत मी तोंडावर हात ठेवून उभी आहे ती त्यामुळे. शेजारणी म्हणायच्या, तुझी नणंद तुला पाण्यात पाहते. मी म्हणायची, अहो, त्या पाण्याच्या जवळपास तरी येतात का?

आता जे सांगते ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. आमच्या खेळात एक नियम आहे. एका किनाऱ्यावरून पाण्यात उतरलं, की पलीकडच्या किनाऱ्यावर कोरड्या रेतीत आपल्या पायांनी उभं राहीपर्यंत होडीला हात लावायचा नाही, आणि होडीतल्या माणसानेही आपल्याला लावायचा नाही. प्यायला देतात तेही लांब दांड्याला बांधलेल्या कपातून. बोट लागलं की संपलं. त्या वेळी, पंचवीस वर्षांपूर्वी, मी इतकी जवळ पोहोचले होते की किनाऱ्यावरच्या एका घरातली बाई चटई झटकताना दिसत होती. दांडा तुमच्या बंधूंच्या हातात होता. माझ्या गालाला जेलीफिश डसला होता, गाल सुजून डोळा मिटत चालला होता. त्यांनी ते पाहिलं, दांडा टाकला, खाली वाकले आणि माझ्या डोळ्यावरचा केस बाजूला केला. "फार दुखतंय का गं?" एवढंच. होडीतल्या निरीक्षकाने शिट्टी वाजवली.

पेपरात आलं, पायात गोळा आल्यामुळे माघार. तसं मीच सांगितलं होतं. गोळा कसला! पण दुसरं कारण छापायला देण्याजोगं नव्हतं. त्यानंतर ते कधी होडीत बसले नाहीत, आणि मी त्यांच्यासमोर त्या सामुद्रधुनीचं नाव काढलं नाही. पुन्हा गेले असते तर त्यांना वाटलं असतं, ही अजून तो केस धरून बसली आहे. आता त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. आता कुणाला काही वाटायचं उरलेलं नाही, तेव्हा मी जाणार. आणि त्या चटईवाल्या घरासमोर चालत जाऊन उभी राहणार.

घोडं अडलं आहे ते सोबतीवर. सराव म्हणून मी चिरंजीवाला होडीत बसवलं. तो दर पाच मिनिटांनी विचारायचा, "आई, थंडी वाजते का?" मला उत्तर द्यायला तोंड वर काढावं लागे, त्यात पाणी जाई, मी खोकले, आणि त्याने ती बुडत असल्याची खूण समजून रबरी कडं फेकलं. ते बरोबर माझ्या गळ्यात पडलं. (लहानपणी जत्रेत त्याचं एकही कडं कधी खुंटीवर बसलं नव्हतं.) मग सूनबाईला बसवलं. बाई एरवी खमकी, कामवाल्यांना धाक आहे तिचा. पण माझे ओठ निळे पडलेले पाहून ती अशी रडायला लागली, की होडीवाला इंजिन बंद करून तिची समजूत घालत बसला, आणि मी दोघांभोवती घिरट्या घालत राहिले. शेवटी आमचे कोच आले. जन्मभर ज्यांनी काठावरून "मेलीस तरी थांबायचं नाही" म्हणून आरडाओरडा केला, तेच आता काठी पुढे करून म्हणतात, "दमलं का गं माझं बाळ? ये वर." त्यांचं ऐकायची इतक्या वर्षांची सवय. धरली मी काठी.

असो. माझ्यावर ज्यांचा जीव आहे त्यांच्यातलं एकही माणूस होडीत बसवायच्या लायकीचं नाही, असं माझं ठाम मत झालं आहे. बाकी सर्व ठीक. गुडघा शेकत जा.

तुमची,
भावजय

ता. क. होडीत तुम्ही बसायचं आहे. पुढच्या महिन्यात भरती-ओहोटीचा जोर कमी असतो त्या आठवड्यात. नाही म्हणू नका. चाळीस वर्षांत तुम्ही मला एकदाही जवळ घेतलं नाहीत. माया नाही असं मी म्हणत नाही. आहे की नाही याचा पत्ताच लागू दिला नाहीत. इतका संयम माझ्या ओळखीत दुसऱ्या कुणाकडे नाही. जिवाला धोका आहे का ते निरीक्षक आणि होडीवाला बघतील. तुम्ही फक्त दांडा धरायचा आणि माझी कीव करायची नाही. मी रडले तर चष्म्यावरून बघा, नेहमी बघता तसं. होडी लागेल म्हणाल, तर लागू दे. उलटी दुसऱ्या बाजूने करा.

आणखी एक. माझ्या सामानाची वाटणी ठरवली आहे, ती तुमच्याजवळ असू द्या. सगळे कप चिरंजीवाला. मोठे टॉवेल सूनबाईला, तिला लागतात. झालरीचा झगा नातीला, पण घालायला नव्हे, हसायला. टोपी कोचना. पोहण्याआधी अंगाला फासायच्या ग्रीसचे उरलेले डबे होडीवाल्याला. आता नीट वाचा: ही वाटणी मी पोहोचले तर करायची आहे. नाही पोहोचले तर एका वस्तूला कुणी हात लावायचा नाही. पुढच्या वर्षी मला सगळं लागेल.

तुम्हाला काय द्यावं ते सुचत नाही, दिलं तरी तुम्ही घेणार नाही. पण कोरड्या रेतीत माझे दोन्ही पाय टेकले की नियम संपतो. तिथे हात द्यायला चिरंजीव धावत येईल. त्याला मागे थांबवा. तो पहिला हात तुमच्यासाठी ठेवला आहे. (नको असेल तर राहू दे. घेतलात तर नंतर साबणाने धुवा, ग्रीस लवकर जात नाही.)