उंबऱ्याबाहेरचं जॅकेट

बाबा, "चामडं उंबऱ्याच्या आत नको," असं तुम्ही म्हणायचात. देवाधर्माचं तुमचं एरवी फारसं काही नव्हतं. बाजारातले बांगडे खुशाल आत यायचे, पट्टा मात्र नाही. एमआयडीसीतली पाळी संपवून आलात की डोंबिवलीच्या त्या चाळीत दाराबाहेरच कमरेचा पट्टा सोडून खिळ्याला अडकवायचात. शेजारच्या काकू हसायच्या, "अहो भावोजी, एक दिवस पँटसुद्धा इथेच काढून ठेवाल!" तुम्ही न चिडता म्हणायचात, "पँट सुती आहे वहिनी, तिला परवानगी आहे." शाळेतून आले की मी आधी खिळ्याकडे बघायचे. पट्टा लटकत असला म्हणजे तुम्ही घरात.

मागच्या आठवड्यात ठाण्याला जाऊन मी तुमच्या नातवासाठी मोटारसायकलवर घालायचं चामड्याचं जॅकेट घेतलं. तुम्ही त्याला पाहिलं नाहीत. खांदे तुमचे आहेत, हट्टही तुमचाच. पावसाळ्यात शहाडच्या पुलावर त्याची गाडी घसरली, कोपर सोलून निघालं. मी म्हटलं, गाडी विकून टाक. तेव्हापासून तो माझ्याशी कामापुरतं बोलतो. आता मित्रांबरोबर लडाखला जायचं म्हणतो. माझं रागावून झालं, रडून झालं, तुमचा फोटो दाखवून झालं. शेवटी वाटलं, निदान अंगावर काहीतरी जाड असू दे.

त्याला माप विचारता येईना, म्हणून कपाटातला तुमचा निळा शर्ट नेला. दुकानदाराने तो एकेका जॅकेटवर पसरून बघितला. "ताई, वास घ्या. रेक्झिनला असा वास येत नाही. शिलाई दुहेरी आहे, खांद्याला आणि कोपराला पॅड आहेत."

"पडला तर?"

"जॅकेट घासेल ताई, कातडी वाचेल."

"आणि गाडीखाली आला तर?"

तो तुमच्या शर्टाची घडी घालत राहिला. मग म्हणाला, "साहेबांसाठी हातमोजेपण दाखवू का?"

जॅकेटने तुम्हीही वाचला नसतात. कल्याण-शीळ रस्त्यावरच्या त्या अपघातात मार डोक्याला लागला होता, हे मला माहीत आहे. तरी ते दोन्ही हातांत घेऊन मी काउंटरपाशी बराच वेळ उभी होते. झोपलेलं मूल उचलून घ्यावं तसं जड होतं.

घरी आले आणि दारात पाय थांबले. चाळ जाऊन फ्लॅट आला, पण पाय तुमचेच ऐकतात. दाराबाहेर चपलांच्या कपाटावर एक खिळा आहे, जॅकेट पिशवीतून काढून तिथेच अडकवलं. संध्याकाळी तो आला.

"आई, हे काय बाहेर टांगलंयस? कोणीतरी उचलून नेईल ना!"

"आत आणू नकोस. आजोबांना चालत नसे."

"अगं, आजोबा कुठायत आता?" म्हणत त्याने पॅसेजमध्येच घातलं. अंगावर शिवल्यासारखं बसलं. कितीतरी महिन्यांनी त्याने मला मिठी मारली, कोरं चामडं माझ्या कानाशी करकरत होतं. "म्हणजे तू हो म्हणालीस ना? मला माहीतच होतं यार, तू मानणार!"

मी हो म्हटलं नव्हतं, बाबा. पण मिठी सुटेल म्हणून नाहीही म्हटलं नाही. त्याला अडवण्यासारखं माझ्याजवळ आता काहीच उरलेलं नाही. होतं नव्हतं ते मीच गिफ्ट म्हणून देऊन बसले.

रविवारी पहाटे तो निघेल. तोवर जॅकेट बाहेरच राहणार, आजोबांचा मान म्हणून, असं त्याला सांगितलंय. खरं कारण वेगळंच आहे. येता-जाता दार किलकिलं करून मी खिळ्याकडे बघते. जॅकेट लटकतंय म्हणजे तो घरात आहे.

तुम्ही आला नाहीत त्या दिवशी आई संध्याकाळभर त्या रिकाम्या खिळ्यापाशी उभी होती, ओठ हलवत. काय मागत होती ते ऐकू येत नव्हतं, पण कळत होतं. तिला ते मिळालं नाही. मलाही मिळणार नाही, असंच आतून वाटत राहतं. हा कागद घडी करून तुमच्या निळ्या शर्टाच्या खिशात ठेवतेय, दुसरा पत्ता माझ्याकडे नाही. तुमच्या हातात काही नाही हे कळूनही मागते, बाबा. रविवारनंतर एकदा, फक्त एकदा, ते जॅकेट परत या खिळ्यावर येऊ द्या.