वास विहिरीचाच होता

नागपूर,
६ जानेवारी २०२५

ती. मुकुंददादास,
सुमतीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं दिवाळीचं पत्र पोचलं, उत्तर आज लिहिते आहे. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही. वाचून झालं की वहिनीला दाखवू नकोस.

रीना वेदिकाला घेऊन गांधीबागेत माहेरी गेली, त्याला दोन महिने झाले. आर्यनने तुला अर्धंच सांगितलं असेल. सून गेली म्हणजे मीच तिला जायला लावलं. गेल्या वर्षभर स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात एक घाण वास येत होता. शेजारची मेघा नाक मुरडून म्हणाली की हा अंड्याचा वास. मला तेवढंच पुरे झालं. रीनाच्या माहेरी सगळं खातात हे लग्नापासून ठाऊक होतं. मी देवळात गेले की ही चोरून अंडी शिजवते, असं मी धरूनच चालले. त्यात चहा काळा व्हायचा, वेदिकाचा शाळेचा पांढरा शर्ट पिवळा पडायचा आणि पोरीचं पोट दर पंधरवड्याला बिघडायचं. सगळ्याचं खापर मी रीनावर फोडलं. ती सांगत होती की आई, वास पाण्यालाच आहे. मी म्हणाले, माझ्या सासऱ्यांनी खणलेल्या विहिरीला नावं ठेवायची नाहीत.

भाऊबीजेनंतर मी विहीणबाईंना, रंभाबाईंना, फोन लावला आणि मुलीला हेच वळण लावलंत का म्हणून विचारलं. त्या आवाज चढवून बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “माह्या पोरीनं तुमच्या घरात अंडं आणलं असन, तं मी सोता येऊन तुमचे पाय धरीन.” रीना दारात उभी राहून ऐकत होती. दुसऱ्या दिवशी गेली.

दादा, ती गेली पण वास गेला नाही. मी डबे धुतले, ओटा चिंचेने घासला, गोमूत्र शिंपडलं. काल देवांना पाणी घालताना तांब्या नाकाजवळ आला आणि तोच वास आला. तू जन्मभर सरकारी प्रयोगशाळेत पाणी तपासलंस. पाण्याला असा वास येतो का? नाही म्हण. नाही म्हणालास तर मला झोप लागेल.

वहिनीस नमस्कार. लोभ आहेच, तो या पत्रानंतरही राहू दे.

तुझी,
सुमती


वर्धा,
११ जानेवारी २०२५

चि. सुमतीस,
अनेक उत्तम आशीर्वाद वि. वि.

नाही म्हणता येत नाही. पाण्याला असा वास येतो आणि मी तो हजार बाटल्यांत घेतला आहे.

दीड वर्षापूर्वी वेदिका पडेल या भीतीने तू विहिरीवर सिमेंटचा स्लॅब टाकून घेतलास. पोरीसाठी केलंस ते बरोबरच, पण वारा बंद झाला. तळाचा गाळ सडला की त्यातून जो वायू निघतो त्याचा हा वास. चहा काळा होतो तो लोखंडामुळे, कपडे पिवळे होतात तेही लोखंडामुळेच. काचेच्या पेल्यात विहिरीवरच्या मोटारीचं पाणी थेट घे आणि एक दिवस ठेव. आधी स्वच्छ दिसेल, मग तांबूस होईल आणि खाली गंज बसेल. लोखंडाने आणि वासाने पोट सहसा बिघडत नाही, ते जंतूंचं काम. आर्यनला धंतोलीतल्या एखाद्या लॅबमधून तपासणीची बाटली आणायला सांग. पाणी भरून ठेवायचं. काळी पडली तर पाणी दूषित. तोवर घोटभरसुद्धा न उकळता पिऊ नकोस.

आता तुझ्याबद्दल. तू जन्मात अंडं हुंगलेलं नाहीस आणि निकाल देऊन बसलीस. मी कॉलेजात असताना चार वर्षं होस्टेलवर दर रविवारी ऑम्लेट खात होतो. आईला कधी कळलं नाही, तुलाही आजच कळतंय. ताज्या अंड्याला हा वास नसतो. हा सडक्या अंड्याचा वास, आणि सडकी अंडी चोरून कोण शिजवेल? चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीस, सुमे.

बाटलीचं काय झालं ते कळव. प्रकृतीला जप, आणि म्हाताऱ्या भावावर रागावलीस तरी पत्र टाकत जा.

तुझा,
मुकुंददादा


नागपूर,
२५ जानेवारी २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

ऑम्लेटचं वाचून मी एकटीच स्वयंपाकघरात हसत सुटले. लबाडा, उपासाच्या खिचडीत मीठ कमी म्हणून घर डोक्यावर घेणारा तू! बरं झालं आई गेली, नाहीतर तुला या वयात पंचगव्य प्यायला लावलं असतं.

पुढचं हसण्यासारखं नाही. पेला दुसऱ्या दिवशी तांबडा झाला. बाटली तर एका रात्रीत शाईसारखी काळी. आर्यनने ती माझ्यासमोर टेबलावर ठेवली आणि डबा उचलून ऑफिसला निघून गेला. त्याने चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

प्रशिक नावाचा प्लंबर आणि त्याची माणसं आली. स्लॅब फोडला तेव्हा आमच्या गल्लीत कोणी थांबेना इतका वास सुटला. दोन दिवस पाणी उपसून काळा गाळ काढला, आतल्या भिंती ब्रशने घासल्या. मग प्रशिकने मला विहिरीपाशी बोलावून घेतलं आणि म्हणाला की काकू, तुमची मोरी विहिरीत उतरून राहिली. न्हाणीघराचा पाइप जमिनीखाली फुटला होता, विहिरीला अगदी लागून. म्हणजे सोवळं नेसून, कोणाचा हात लागू न देता, मी वर्षभर देवांना मोरीचं पाणी घालत होते. आणि तेच माझ्या नातीला पाजत होते. दादा, मला कुठे तोंड लपवावं कळत नाही.

तू फोनवर आर्यनला लिहून पाठवलंस तसंच सगळं केलं. पाइप बदलला. ब्लीचिंग पावडर बादलीत कालवून वरची निवळी विहिरीत सोडली, नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत उघडे ठेवले, एक दिवस पाणी तसंच राहू दिलं आणि मग उपसून टाकलं. स्लॅबऐवजी लोखंडी जाळी बसवली. टाकीवर भोकं पाडलेली ताटं एकाखाली एक लावली आहेत, त्यातून पाणी झिरपत रेतीत उतरतं. ताटांना गंज धरतो आणि खालचं पाणी नितळ येतं. दुसरी बाटली काळी पडली नाही.

आता एक विचारते. वेदिकाची शाळा बुडते आहे. आर्यनला पाठवून शाळेच्या निमित्ताने दोघींना आणवलं तर? पाण्याचा विषय काढायलाच हवा का? एकदा घरात आल्या की आपोआप सगळं सुरळीत होईल.

तुझा लोभ मला हवा आहे, सल्ला मात्र माझ्या सोयीचा दे.

तुझी,
सुमती


वर्धा,
३० जानेवारी २०२५

चि. सुमतीस,
अ. उ. आ. वि. वि.

सोयीचा सल्ला नाही. विहिरीवर एकदा झाकण घालून पाहिलंस. रीनाला स्वतःच्या हाताने लिही, आणि रंभाबाईंकडे स्वतःच्या पायाने जा. मधे आर्यनला घालू नकोस, तो आधीच पुरेसा भरडला आहे.

दर महिन्याला पाणी तपासत जा. माझी माया तुझ्यावर आहे ती आहेच.

दादा


नागपूर,
४ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. रीनास,
अनेक उत्तम आशीर्वाद वि. वि.

हे पत्र आर्यनच्या हाती देते आहे. तू माझा फोन घेत नाहीस, त्यात तुझं काही चुकलं नाही.

घरातला वास विहिरीचा होता. पाणी तपासलं, त्यात लोखंड निघालं, गाळाचा वायू निघाला आणि आपल्याच मोरीतले जंतू निघाले. तू पहिल्या दिवसापासून हेच सांगत होतीस. वेदिकाचं पोट त्या पाण्याने बिघडत होतं आणि मी तुला दोष देत होते. उचलली जीभ लावली टाळ्याला, अशी मी वागले. वास होताच तसा, कोणालाही शंका आली असती, पण मी शंकेवर थांबले नाही. तुझ्या आईला नको ते बोलले. तू या घरात अंडं कधीच आणलं नाहीस, तू निर्दोष आहेस, हे आता सिद्ध झालं आहे. मी ते सगळ्यांना सांगेन. मेघाला कालच सांगितलं.

विहीर साफ झाली आहे. पाणी इतकं नितळ येतं की काल चहा कितीतरी दिवसांनी तांबूस झाला. मला क्षमा कर आणि घरी ये. वेदिकाशिवाय घर खायला उठतं.

रंभाबाईंना माझा नमस्कार सांग. तुझ्या मनात माझ्यासाठी जागा राहू दे.

तुझी,
आई


गांधीबाग, नागपूर,
९ फेब्रुवारी २०२५

ती. आईंस,
रीनाचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. फोन केला असता तर मी रडले असते आणि मग लगेच हो म्हणाले असते, म्हणून लिहिते आहे.

तुम्ही पाणी तपासलंत, विहीर साफ केलीत, मला लिहिलंत. तुमच्यासारख्या बाईला ते किती जड गेलं असेल ते मला कळतं. वेदिका इथे आल्यापासून एकदाही आजारी पडली नाही, हेही तुम्हाला सांगायला हवं.

पण आई, तुम्ही मला निर्दोष लिहिलंत आणि तो शब्द मला दोन दिवस टोचतो आहे. मी अंडं आणलं नाही म्हणून तुम्ही माफी मागता. आणलं असतं तर? समजा विहिरीचं पाणी चांगलं असतं आणि मी खरंच एक दिवस माझ्या मुलीसाठी अंडं उकडलं असतं, तर तुम्ही माझ्या आईला जे बोललात ते बरोबर ठरलं असतं का?

गेल्या उन्हाळ्यात वेदिकाचं वजन वाढेना म्हणून डॉक्टरांनी तिला अंडी द्यायला सांगितली होती. मी तुम्हाला सांगितलं नाही आणि दिलीही नाहीत. सहा वर्षं मी त्या घराचा नियम पाळला, भीतीने नाही, तुमचा मान ठेवायचा म्हणून. आता इथे ती रोज एक खाते. तिला आवडतं. हे लपवून मी परत येणार नाही, आणि तिलाही आजीपासून लपवायला शिकवणार नाही.

मी तुमच्यावर आता रागावलेली नाही. फक्त मला उत्तर हवं आहे, आणि खरं हवं आहे. तब्येत सांभाळा. माया माझ्याकडून कमी झालेली नाही.

तुमची,
रीना


नागपूर,
१० फेब्रुवारी २०२५

चि. सौ. रीनास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. तू खरं उत्तर मागितलंस, म्हणून सांगते. तू अंडं आणलं असतंस तर मी हेच सगळं बोलले असते, तुला असंच जाऊ दिलं असतं, आणि मला लाज वाटली नसती. उलट आपण घर राखलं असं समजून मी सुखाने जेवले असते.

पाण्याची लाज मला महिनाभर वाटते आहे. खरी लाज कशाची वाटायला हवी होती, ते काल तुझ्या पत्राने कळलं. मुकुंददादाने गेल्या महिन्यात मला कळवलं की तो तरुणपणी चार वर्षं ऑम्लेट खात होता. मी पोट धरून हसले आणि त्याला लबाड म्हटलं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. तू सहा वर्षं माझ्या घरात राबलीस आणि मी तुला दुसऱ्याचंच धरत होते. निर्दोष हा शब्द मी परत घेते. तू माझ्यासमोर आरोपी नव्हतीसच, मग मी कोण लागून गेले तुला सोडणारी?

उद्या सकाळी मी गांधीबागेत येते. एकटी येते, आर्यनला आणत नाही. रंभाबाईंनी माझे पाय धरण्याची भाषा केली होती. त्या वयाने माझ्याहून मोठ्या आहेत, वाकायचं ते मी वाकेन. तू येणार की नाही, हे त्यावर ठरवू नकोस. तू नाही म्हणालीस तरी मी येणार आहे.

आलीस तर वेदिकाचं अंडं आपल्याच ओट्यावर, आपल्याच भांड्यात, भर सकाळी उकड. मी त्याला हात लावीन असं खोटं लिहीत नाही, सत्तराव्या वर्षी माझ्याने ते व्हायचं नाही. पण ती खात असेल तेव्हा मी तिच्या शेजारी बसेन. उठून जाणार नाही.

शेवटी लोभ असावा असं लिहायची रीत आहे, पण मागायला माझा हात धजत नाही. तुझ्यापाशी जेवढा उरला असेल तेवढा असू दे.

सुमती