तुझे ते सर

आमच्या हुशारबाईंस, दुरूनच आशीर्वाद.

मी मजेत आहे. आईचा गुडघा कसा आहे? धाकटी दूध सांडते का अजून?

कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लेथ मशीनच्या कोर्सला नाव घातलंस, आनंदच आहे. पण तुझ्या पत्रात माझी चौकशी एकदा आणि सर ओळीओळीत. सर म्हणाले, सरांनी दाखवलं, सरांनी हसवलं. एवढं हसायला तो मशीन शिकवतो की नकला करतो?

तसलंच कॉम्प्युटरवालं मशीन आमच्या कारखान्यातही आलंय. हातानं लेथ चालवणारे आम्ही सगळे सध्या पॅकिंगला. काळजी करू नकोस, इथे पंखा आहे. मशीनवर कोर्स केलेली एक पोरगी असते. तिला बघून माझा जळफळाट होतो. मग आठवतं, उद्या तूही अशीच उभी राहशील, आणि आणखीच जळफळाट होतो.

पुढच्या महिन्यात त्याच मशीनवर आमची परीक्षा आहे. पास होईल तोच इथे राहील. म्हणून वर्गात जे शिकशील ते मला सविस्तर लिही, आकृत्या काढून. फक्त ‘सर म्हणाले’ लिहू नकोस. तू सांगतेस म्हणून शिकेन, त्याच्याकडून नाही.

तुझा,
नवरा आधी, विद्यार्थी नंतर