नऊ मीटरवरून

गुरुवार, १३ फेब्रुवारी २०२५. संध्याकाळचे सात वीस. सापगावला घरी, ओट्यावर बसून नखांतली काजळी काढत होतो. ते सोडून आधी हे लिहितो.

आज मुरबाडच्या वर्कशॉपमध्ये आमची पेटी उंचावरून टाकून पाहिली. कॅन्सरच्या मशीनमधला किरणोत्सारी कोबाल्ट नेण्याची, शिसं भरलेली. आज आत रिकामी. झाकणाच्या कड्याचं वेल्डिंग माझं. त्याला तडा गेला असता तर ऑर्डर गेली असती आणि मी परत ग्राइंडिंगवर.

क्रेनवाल्या भास्करदादांनी आधी खालच्या पोलादी प्लेटवर नारळ फोडला. इंजिनिअर मॅडमनी प्लेट कोरडी करायला लावली. मी दोनदा पुसली. दादा म्हणाले, "नारळ फुटला तेवढा बास. पेटी नाय फुटली पायजे रे."

मग पेटी नऊ मीटर वर नेली आणि सोडली. ती कोपऱ्यावर पडली. कोपरा पार चेपला. संपलं का सगळं?

मॅडम हसल्या. "अरे, बाहेरचं कवच चेपायलाच हवं. मार त्याने खाल्ला, म्हणून आतलं वाचतं."

नंतर आत हवा भरून ठेवली. दाबाचा काटा हलला नाही. माझ्या वेल्डिंगला केसाएवढाही तडा नाही! निघताना त्या चेपलेल्या कोपऱ्यावरून हात फिरवला. इतका देखणा पोचा मी पाहिलेला नाही.

खर्च: पेढे, एकशे साठ रुपये. देणे: तेवढेच, भास्करदादांना. पेढ्यांचे पैसे आधीच खिशात ठेवले तर दृष्ट लागेल, म्हणून सकाळी एसटीपुरतेच नेले होते.